कुबेराची राखीव फाइल

त्या हॉस्पिटलात कुणालाही कॉम्प्युटरवर चार गोष्टी जास्तीच्या साठवायच्या असल्या की कुबेराकडे जावं लागे, आणि कुबेर म्हणे, "जागा नाही." हे वाक्य फिरत फिरत त्याच्याच घरी कसं आलं आणि त्याच्या सासऱ्यांच्या छातीपर्यंत कसं पोचलं, त्याची ही हकिकत.

तो ते तुसडेपणाने म्हणत नसे, हे आधी सांगायला हवं. आलेल्याला खुर्ची देई, पाणी विचारी, स्क्रीनवर आकड्यांची एक लांबलचक पट्टी सरकवून दाखवी, जिच्यातलं समोरच्याला ओ की ठो कळत नसे, आणि मग घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून मान हलवी. फारच नड असेल तर तीन सह्यांचा अर्ज आणायचा. अर्ज टेबलावर मुरत पडे. मग दोनदा फोन, एकदा समक्ष भेट, थोडी स्तुती, आणि एके दिवशी कुबेराचाच फोन येई, "इकडून तिकडून थोडी काढलीय. तुमच्यासाठी म्हणून." समोरचा गहिवरे. हॉस्पिटलची जागा हॉस्पिटललाच मिळाल्याबद्दल माणसं त्याचे आभार मानत, आणि तो ते संकोचून घेत असे.

कुबेर हे नाव वॉर्डातल्या सिस्टर मंडळींनी ठेवलेलं. त्यांना खरं तर धनावर बसलेला भुजंग म्हणायचं होतं, पण तसं तोंडावर म्हणता येत नाही. नाव कौतुकाने ठेवलंय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्याचं काम हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळण्याचं. पेशंट, खाटा, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, असे सगळे तक्ते वेगवेगळे, आणि नंबरांनी एकमेकांशी नात्यात बांधलेले. एका नंबराचं बोट धरायचं आणि दुसऱ्या तक्त्यात जायचं. ज्यांनी हे पहिल्यांदा उभं केलं त्यांनी एक्स-रेची चित्रंसुद्धा त्याच तक्त्यांत कोंबली होती, आणि पैसे घेऊन ते निघून गेले होते. त्यामुळे डेटाबेस दरवर्षी कमरेत वाढत होता.

आता खरी गोष्ट. जागा होती. भरपूर होती. डेटाबेसच्या शेजारी, त्याच डिस्कवर, 'राखीव' नावाची एक अवाढव्य फाइल होती आणि तिच्यात काहीही नव्हतं. नुसती शून्यं भरली असती तर डिस्कने ती चेपून चिमूटभर करून टाकली असती, म्हणून कुबेराने तिच्यात मुद्दाम अरबट-चरबट अक्षरं ओतली होती. यंत्राला वाटावं, काहीतरी महत्त्वाचं आहे. कधी अचानक डिस्क तुडुंब भरली आणि कामकाज अडलं, तर ही फाइल पुसायची. क्षणात जागा मोकळी, आणि कुबेर तारणहार. या धंद्यात बरेच जण असं करतात, पण ते लहानशी फाइल ठेवतात आणि सोबतच्यांना सांगून ठेवतात. कुबेराने कुणाला सांगितलं नव्हतं आणि दरवर्षी तो तिला थोडी फुगवत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे तो आईकडून शिकला. तीही पिठाच्या डब्याच्या तळाशी अडीनडीला काहीबाही पुरून ठेवी. आईने मात्र त्यापायी घरात कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं.

मागच्या वर्षी रेकॉर्डबाई त्याच्याकडे आल्या होत्या. जुन्या नोंदींचा सगळा विभाग त्यांच्याकडे. ठेंगण्या बांध्याच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि बोलणं मोजकं. एक्स-रेचं नवं यंत्र आलं होतं आणि त्याची चित्रं आधीच्या दुप्पट मोठी होती.

"जुनी चित्रं ठेवायला जागा द्या," त्या म्हणाल्या.

"जागा नाही."

"अर्ज आणलाय. तीन सह्या आहेत."

"बाई, सह्यांनी डिस्क वाढते होय?" अर्ज मागणारा तोच होता, पण ते त्या क्षणी त्याच्या लक्षात नव्हतं.

"मग काय करू?"

"पाच वर्षांपूर्वीची पुसून टाका. जुनी हाडं कोण बघतंय?"

रेकॉर्डबाई त्यानंतरही दोनतीनदा येऊन गेल्या. शेवटी यायच्या थांबल्या आणि त्यांनी कुबेराच्याच लेखी आदेशाप्रमाणे चित्रं पुसली. मोकळी झालेली थोडी जागा नव्या यंत्राला मिळाली. उरलेली 'राखीव'ला मिळाली.

यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे हॉस्पिटलच्या संचालिकांनी, नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. ते चालत्या डेटाबेसवर तपासून बघता येत नाही. चाचणी करताना कुणी चुकून अख्खा वॉर्ड घरी पाठवला तर काय घ्या. म्हणून डेटाबेसची हुबेहूब दुसरी प्रत हवी, क्लोन. चाचणीचं काम रेकॉर्डबाईंकडे गेलं आणि क्लोन करून देण्याचं कुबेराकडे. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं म्हणून कुबेराने पुढे नेहमीचं वाक्य जोडलं.

मोठ्या बाई काही अर्ज आणणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला जमत नसेल तर बाहेरच्या कुणाला बोलावते."

बाहेरचा माणूस म्हणजे तो डिस्क उघडणार, आणि डिस्क उघडली की 'राखीव' दिसणार. कुबेर त्याच दुपारी क्लोन करून मोकळा झाला, आणि तोही जवळजवळ फुकटात.

फुकटात कसा, ते त्याने सभेत समजावून सांगितलं. सगळं पुन्हा उतरवून काढायचंच नाही. वाटणी झाली पण एकाच घरात राहतात, असे दोन भाऊ समजा. चूल तीच, भांडी तीच, कागदावर मात्र दोघांच्याही नावे सगळं घर. एकाने एखादं भांडं बदललं तर तेवढ्या एका भांड्याची जागा जास्तीची लागणार. बाकी सारं सामाईक. लोकांना पटलं. मोठ्या बाईंनीसुद्धा मान डोलावली आणि कुबेर आठवडाभर जमिनीपासून दोन बोटं वरून चालत होता.

क्लोन त्याने अख्ख्या डिस्कचा केला होता, कारण तो एका हुकमात होतो. डेटाबेस आला, आणि डेटाबेसच्या शेजारी जे काही होतं तेही आलं. 'राखीव' आधी बाजूला काढायला हवी होती हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. ती आहे हे तो स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलत नसे.

आणि मग सासऱ्यांना खोकला झाला.

सासरे शिंपी. वय झालं तरी दुकान सोडलं नव्हतं, आणि सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात जाई. बायको गेल्यापासून जेवायला लेकीकडे येत. जावयाचा त्यांना केवढा अभिमान. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता ते सांगत, "जावईबापू आमचे हॉस्पिटलात असतात. डॉक्टर नाहीत, पण डॉक्टरांना काही शोधायचं तर यांनाच विचारावं लागतं."

छातीच्या डॉक्टरांनी नवा फोटो प्रकाशासमोर धरला. फुप्फुसावर सुपारीएवढा डाग होता. स्कॅनही झालं, त्यावरूनही ठाम काही सांगता येईना.

"नवा असेल तर उघडून काढावा लागेल. या वयात थांबून बघायची माझी तयारी नाही," डॉक्टर म्हणाले. "जुना असेल तर मात्र हात लावायचं कारण नाही. पूर्वी कधी फोटो काढला होता?"

"काढला होता की. इथेच," सासरे म्हणाले. "शिडीवरून पडलो होतो, बरगडी बघायला. सहासात वर्षं झाली."

"मग तोच आणा. तेव्हाही डाग असेल आणि एवढाच असेल तर खुशाल घरी जा. शुक्रवारची ऑपरेशनची वेळ मी धरून ठेवतो. फोटो आला की रद्द."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं आणि खुशाल खोकून घेतलं. "आता कसली काळजी? आपल्या घरचंच दुकान आहे."

"बाबा, अर्ध्या तासात आणतो," कुबेर म्हणाला.

अर्ध्या तासाने तो आपल्या खोलीत स्क्रीनसमोर बसला होता. सासऱ्यांचं नाव सापडलं. तारीख सापडली. शिडी होती, बरगडी होती, एक्स-रेचा नंबरही होता. त्या नंबराचं बोट धरून तो चित्रांच्या तक्त्यात गेला, तर तिथे कुणी नव्हतं. नातं शिल्लक होतं, नातेवाईक गेलेला. जुनी हाडं कोण बघतंय, हे आपलंच वाक्य त्याला आठवलं. त्याला भीती वाटली. सासऱ्यांसाठी वाटलीच, पण खरं सांगायचं तर आधी बायकोची वाटली.

मग त्याला टेप आठवली. तळघरातल्या लोखंडी कपाटात जुन्या बॅकअपची एक टेप होती, चित्रं पुसण्याच्या आधीची. मात्र टेपचं झाकण उघडून आत डोकावता येत नाही. तिच्यावरचा सगळा डेटाबेस पुन्हा डिस्कवर उभा करावा लागतो, आणि ते काही दोन भावांचं सामाईक घर नव्हे. त्याला पुरी, खरीखुरी जागा लागते. डिस्कवर तर जेमतेम पाय ठेवण्यापुरती मोकळी होती. म्हणजे आता कुबेराला जागा हवी होती, आणि अर्ज कुणाकडे करावा हे त्याला कळेना.

तेवढ्यात तो हसला. इतकी वर्षं जपलेली मूठ कुठल्या दिवसासाठी होती? त्याने उठून दाराला कडी घातली, खुर्ची पुढे ओढली आणि 'राखीव' पुसली. मोकळ्या जागेचा आकडा पाहिला. आकडा होता तिथेच होता. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिला. फाइल गेली होती आणि जागा आली नव्हती.

उमगायला थोडा वेळ लागला. सामाईक घरातली पेटी एका भावाने नको म्हटली म्हणून घराबाहेर जात नाही. दुसऱ्याच्या वाटणीत ती असतेच. क्लोनच्या दिवशी 'राखीव' होती तशी क्लोनच्या नावावर चढली होती आणि क्लोन ती धरून बसला होता. क्लोनमध्ये शिरून तिथून पुसली तरी उपयोग नव्हता, कारण क्लोन करताना यंत्र त्या क्षणाच्या डिस्कची एक छबी धरून ठेवतं, आणि त्या छबीतच ती फाइल होती. छबी मोडायची तर अख्खा क्लोन मोडायला हवा. आत नुसता कचरा आहे हे यंत्राला कोण सांगणार? काहीतरी महत्त्वाचं आहे असं यंत्राला वाटावं म्हणूनच तर तो भरला होता, आणि यंत्राला तसं वाटलं होतं.

क्लोन रेकॉर्डबाईंच्या ताब्यात. कुबेर ताकाला निघाला आणि भांडं पाठीशी घेऊन निघाला.

रेकॉर्डच्या खोलीत छतापर्यंत पत्र्याच्या मांडण्या, त्यांत बांधलेले गठ्ठे, आणि टेबलफॅनच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेली जुनी कुलपं. तिघीजणी खाली मान घालून टायपिंग करत होत्या. रेकॉर्डबाई त्यांच्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

"काय बाई, कशी काय चाललीय चाचणी?"

"चाललीय. उद्या मोठ्या बाईंना दाखवायचीय."

"तो क्लोन जरा जड झालाय. मोडून नवा केला तर बरं, म्हणतो मी."

"सभेत तुम्हीच म्हणालात, फुकट आहे म्हणून."

"फुकटच आहे तसा."

"मग किती जागा खातोय?"

आकडा सांगणं भाग होतं. रेकॉर्डबाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "आम्ही शेदोनशे नोंदी बदलल्या असतील फार तर. एवढं काय आहे त्यात?"

"एक फाइल आहे. राखीव."

"आत काय आहे तिच्या?"

कुबेराने मांडण्यांकडे पाहिलं, कुलपांकडे पाहिलं. "काही नाही," तो म्हणाला.

टायपिंग थांबलं.

"किती मोठं काही नाही?" रेकॉर्डबाईंनी विचारलं.

त्याने तेही सांगितलं. बाईंचे ओठ हलले. त्या मनात हिशेब करत होत्या. मागच्या वर्षी त्यांनी आपल्या हाताने पुसलेली सगळी चित्रं त्या फाइलच्या निम्म्यात मावली असती आणि वर पाय पसरायला जागा उरली असती. त्या ते बोलून दाखवतील म्हणून कुबेर मान खाली घालून उभा राहिला.

"अर्ज आणा," त्या म्हणाल्या. "तीन सह्यांचा."

"बाई, सासऱ्यांचा जुना एक्स-रे हवाय. टेपवरून काढायचाय. परवा त्यांना उघडणार आहेत."

रेकॉर्डबाईंनी चष्मा काढून पुन्हा गळ्यात सोडला. मग टेबलाकडे वळल्या. "बाहेर पडा गं सगळ्या क्लोनमधून. मोडायचाय."

"बाई, तीन आठवड्यांचं काम आहे," एकजण म्हणाली.

"पुन्हा करू." आणि कुबेराकडे न बघता म्हणाल्या, "हे आल्या आल्या सांगायचं होतं."

क्लोन मोडला. डिस्कवर एवढी जागा मोकळी झाली की तो आकडा बघून खुद्द कुबेर दचकला. टेप चढवली. ती रात्रभर चालणार होती, म्हणून तो घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "उद्या मिळतोय." दुसऱ्या दिवशी दुपारी जुना डेटाबेस डिस्कवर उभा होता, आणि न बोलावता आलेल्या रेकॉर्डबाई त्याच्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

नाव. तारीख. शिडी. बरगडी. नंबर. नंबराचं बोट धरून तो चित्रांच्या तक्त्यात गेला. तक्ता होता, त्याच्या रकान्यांची नावं होती, आणि खाली एकही ओळ नव्हती. एकाही पेशंटचं एकही चित्र नव्हतं.

कुबेराची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे एक घड्याळ टांगलेलं होतं. काही वर्षांपूर्वी वार्षिक सभेत त्याला ते काटकसरीबद्दल मिळालं होतं, सगळा बॅकअप एकाच टेपवर आणून दाखवल्याबद्दल. तो एका टेपवर मावला कसा, असं सभेत कुणी विचारलं नव्हतं. मावला, कारण कुबेराने बॅकअपला सांगून ठेवलं होतं, चित्रं वगळ. डिस्कवर आहेतच की. त्यामुळे आता राखीव गेली, क्लोन गेला, आणि हाती धुपाटणं आलं.

"मी मोठ्या बाईंना सांगते, आज दाखवणं होणार नाही म्हणून," रेकॉर्डबाई म्हणाल्या. दाराशी त्या थांबल्या. कुबेराला वाटलं, आता बोलतील. "सासऱ्यांना जपा," एवढंच म्हणून त्या गेल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, "मिळाला ना?"

"नाही."

"म्हणजे? काल तर म्हणालात मिळतोय."

"पुसलाय."

"कुणी?"

"हॉस्पिटलने."

तिने हातातला डाव खाली ठेवला. "अहो, हॉस्पिटलने म्हणजे कुणी?"

कुबेराने ताट पुढे ओढलं आणि भात कालवायला घेतला. त्याची बायको त्याला वीस वर्षं ओळखत होती. घरातल्या कपाटाचा एक कप्पा मागून मागून ती थकली होती. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि स्वतः जेवलीही नाही.

शुक्रवारी सासऱ्यांना आत नेलं. आत जाताना ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही एवढी धावपळ केलीत, बरं वाटलं." कुबेराला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं, पण बाकावर बसून राहण्यापलीकडे काही करता येण्यासारखं नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले ते हसत. "आनंदाची बातमी आहे. काही नाही. जुना व्रण आहे. तरुणपणी कधीतरी न्यूमोनिया होऊन गेला असेल, त्याची खूण." बायको रडली आणि हसली. कुबेरही हसला. सासऱ्यांच्या काखेखालून पाठीपर्यंत वीतभर चीर गेली होती, आणि आत काही नव्हतं.

महिनाभर सासरे त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या खाटेसाठी कुबेराच्या वस्तूंनी भरलेली लहान खोली रिकामी करावी लागली. बायकोने ती एका सकाळी एकटीने रिकामी केली, त्याला न विचारता. पट्ट्या निघाल्या त्या दिवशी सासऱ्यांनी दोन आरसे मागवले. एक लेकीला पाठीमागे धरायला लावला, एक स्वतः धरला, आणि गिऱ्हाइकाने परत आणलेला कोट बघावा तसं त्यांनी आपल्या अंगाकडे निरखून पाहिलं.

"शिवण चांगली आहे," ते म्हणाले. "टाके सारखे पडलेत. हात बसलेला आहे डॉक्टरांचा. पण जावईबापू, धड कापड उगाच उसवलं."

बायकोने आरसा हलू दिला नाही.

"जुना फोटो असता तर वाचलं असतं म्हणाले ते. ठेवलेलाच नाही म्हणे." सासऱ्यांनी हातातला आरसा मांडीवर ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "मी तर मेलेल्या गिऱ्हाइकाचंसुद्धा माप जपून ठेवतो. उद्या त्याच्या मुलाला लागतं. तुमच्याकडे एवढी मोठाली यंत्रं, आणि असं कसं हो? अशी काय जागा लागते एका फोटोला?"

हा प्रश्न कुबेराला नोकरीभर लोक विचारत आले होते आणि त्याचं उत्तर त्याला तोंडपाठ होतं. आरशाच्या वरून बायको त्याच्याकडे बघत होती.

"फार नाही लागत, बाबा," तो म्हणाला. "जागा होती."